पडताळणीत पुरावा द्यायचा, पासवर्ड नाही

प्रश्न असा आहे: पुण्यातल्या एका आयटी कंपनीची ऑफर आली. पाठोपाठ पडताळणी एजन्सीची लिंक आली आणि तीत आधार, पॅन, यूएएन (पीएफ सदस्याचा क्रमांक) आणि त्याचा पासवर्ड, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचं प्रमाणपत्र), सगळ्या मार्कशीट आणि आधीच्या कंपन्यांची रिलीव्हिंग लेटर मागितली आहेत. मधली तीन महिन्यांची एक नोकरी रेझ्युमेत लिहिलेली नाही. सध्याच्या कंपनीत अजून राजीनामाही दिलेला नाही. यातलं काय देणं भाग आहे, काय नाकारता येतं, आणि ती तीन महिन्यांची नोकरी उघडी पडेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण झोप त्यानेच उडालेली असते. त्या कंपनीने पीएफ भरला असेल तर ती नोकरी सापडणार, हे धरूनच चाला. यूएएन हा बारा आकडी क्रमांक आयुष्यभर एकच राहतो आणि प्रत्येक कंपनी त्याला आपला मेंबर आयडी जोडते. पीएफच्या सदस्य पोर्टलवरच्या ‘सर्व्हिस हिस्टरी’ या पानावर आस्थापनेचं नाव, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख एकाखाली एक दिसतात. तिथे तीन महिन्यांची नोकरीही दिसते आणि तीन आठवड्यांचीही. पीएफ नसण्याची कारणं मोजकी असतात: कंपनीत वीसपेक्षा कमी माणसं असणं, किंवा तुमची ती पहिलीच नोकरी असून पीएफसाठी धरला जाणारा पगार दरमहा १५,००० रुपयांच्या वर असल्याने कंपनीने तुम्हाला योजनेबाहेर ठेवणं. तसं असलं तरी पगारावर टीडीएस (आगाऊ कर) कापला असेल तर फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, कंपनीचं नाव येतं. ‘सापडत नसेल तर लिहू नका’ हा सल्ला मित्रमंडळींत सर्रास मिळतो. तो देणाऱ्याची ऑफर पणाला लागलेली नसते.

इथे एक भेद नीट लक्षात घ्या. रेझ्युमे ही तुम्ही निवडलेली माहिती आहे, तिच्यात एखादी अप्रस्तुत नोकरी गाळली तर फारसं कोणी हरकत घेत नाही. पडताळणीचा फॉर्म मात्र सहीचं निवेदन असतं. त्यात ‘संपूर्ण नोकरीचा तपशील’ मागितलेला असतो आणि खाली ‘माहिती खोटी किंवा अपुरी आढळल्यास नियुक्ती रद्द होऊ शकते’ ही ओळ असते. रेझ्युमेत नसलेली नोकरी फॉर्ममध्ये लिहिली तर फार तर स्पष्टीकरण मागतील. दोन्हीकडे नसलेली नोकरी यूएएनमध्ये निघाली तर अहवालात ‘दडवलेली नोकरी’ म्हणून लागते, आणि मग ती तीन महिन्यांची होती की तीन वर्षांची याला फारसा अर्थ उरत नाही.

म्हणून फॉर्म भरण्याआधी एचआरला मेल करा. फोन नको, मेलच. इंग्रजीत लिहाल, पण आशय एवढाच ठेवा: ‘माझ्या रेझ्युमेत जून ते ऑगस्ट २०२१ या काळातली अमुक कंपनीतली नोकरी नमूद नव्हती. कालावधी कमी आणि काम वेगळ्या क्षेत्रातलं असल्याने ती घातली नव्हती. पडताळणीच्या फॉर्ममध्ये ती लिहीत आहे. ऑफर लेटर आणि पगाराची स्लिप उपलब्ध आहे, रिलीव्हिंग लेटर मिळालेलं नाही.’ कारण दोन ओळींत संपवा. मॅनेजर कसा होता, पगार कसा थकला, याचा पाढा वाचू नका. जितकं जास्त लिहाल तितके प्रश्न वाढतात. ऑफर देणाऱ्या एचआरची अडचणही समजून घ्या. त्यांना नोकरी लहान असण्याचं काही नसतं. त्यांच्या क्लायंटला जाणाऱ्या अहवालात अनपेक्षित शेरा येऊ नये, एवढीच त्यांची धडपड असते. आधी कळवलेली गोष्ट त्यांना फाइलला लावता येते.

नोकरीतून न सांगता निघून गेला असाल, तर त्या कंपनीच्या नोंदीत ‘अब्स्कॉन्डिंग’ असा शेरा असण्याची शक्यता मोठी. तेव्हा तुमच्याकडचा राजीनाम्याचा मेल, त्यावर आलेलं किंवा न आलेलं उत्तर, लॅपटॉप परत केल्याची पोच, हे सगळं शोधून ठेवा. नोटीस पीरियडचे पैसे भरून आजही फुल अँड फायनल (नोकरी सोडतानाचा अखेरचा हिशेब) पूर्ण करता येतं का, ते विचारा. बऱ्याच कंपन्या थकबाकी भरली की लेटर देतात आणि नोंदही बदलतात. यात पंधरा-वीस दिवस सहज जातात, त्यामुळे ऑफर येण्याची वाट न पाहता नोकरी शोधायला लागाल तेव्हाच हे काम हाती घ्या.

यूएएनचा पासवर्ड

हा देऊ नका. एजन्सीने गोड बोलून मागितला, फॉर्ममध्ये लाल चांदणी लावून मागितला, तरी नाही. त्या लॉगिनच्या आत नुसती नोकऱ्यांची यादी नसते. तुमचं बँक खातं, आधार-पॅनची जोडणी, वारसदारांची नावं आणि त्यांचे पत्ते, आधी काढलेल्या पैशांचे क्लेम, सगळं तिथे असतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ खाली २०११ साली आलेल्या नियमांत ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ची जी यादी आहे, तिच्यात पासवर्डचं नाव सरळसरळ लिहिलेलं आहे. पडताळणीला हवी असते ती त्यातली एकच गोष्ट, नोकऱ्यांच्या तारखा.

मग काय द्यायचं? पोर्टलवर स्वतः लॉगिन करा, ‘व्ह्यू’मधून ‘सर्व्हिस हिस्टरी’ उघडा आणि ते अख्खं पान, वरच्या यूएएनसकट, पीडीएफ म्हणून साठवून द्या. स्क्रीनशॉट देणार असाल तर ब्राउझरचा पत्ता आणि तारीख दिसू द्या, म्हणजे ‘हे कापून आणलंय’ अशी शंका येत नाही. एवढ्यावर भागत नसेल तर व्हिडिओ कॉल ठेवा: लॉगिन तुम्ही करायचं, ओटीपी तुम्ही टाकायचा, स्क्रीन दाखवायची आणि बाहेर पडायचं. नुसता यूएएन क्रमांक आणि संमती देणं यात फारसं बिघडत नाही, तो तर पगाराच्या स्लिपवरही छापलेला असतो. पासवर्ड आणि ओटीपी या मात्र चाव्या आहेत. आधीच देऊन बसला असाल तर आज बदला.

सर्व्हिस हिस्टरी मागितली असताना पासबुक जोडू नका. पासबुकात दर महिन्याला ज्या पगारावर पीएफ कापला तो आकडा असतो, म्हणजे तुमचा मूळ पगार समोरच्याला महिनावार कळतो. पगाराची बोलणी अजून चालू असतील तर ही माहिती आपल्या हाताने देण्यासारखी नाही.

सर्व्हिस हिस्टरी देण्याआधी स्वतः एकदा बारकाईने वाचा. तिथे दोन घोटाळे नेहमी सापडतात. पहिला, जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेलीच नसते. मग एजन्सीच्या नजरेला तुम्ही अजून तिथेच आहात, आणि पुढची नोकरी त्यावर चढलेली दिसते. ही तारीख तुम्हाला स्वतःला भरता येते: शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाल्यावर ‘मॅनेज’खालच्या ‘मार्क एक्झिट’मध्ये जाऊन आधारच्या ओटीपीने. दुसरा, तारीख भरलेली असते पण रिलीव्हिंग लेटरशी जुळत नाही. लेटरवर १२ मार्च आणि पोर्टलवर ३१ मार्च. पुढची कंपनी तुम्ही १८ मार्चला जॉइन केली असेल तर तेरा-चौदा दिवस दोन नोकऱ्या एकदम केल्यासारखं दिसतं. यावर उपाय जॉइंट डिक्लरेशनचा, म्हणजे तुम्ही आणि कंपनीने मिळून पीएफ कार्यालयाकडे करायच्या दुरुस्तीच्या अर्जाचा; तो होईपर्यंत लेटरची प्रत आणि दोन ओळींचा खुलासा फॉर्मसोबतच द्या. विप्रोने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांचंही काम करणाऱ्या तीनशे जणांना काढल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून आयटीत या चढलेल्या तारखांकडे फार बारीक नजरेने पाहिलं जातं. दोन दिवसांच्या चढीवरून कोणी ऑफर मागे घेत नाही, पण खुलासा तुमच्याकडून आला पाहिजे.

पगाराचे पुरावे: फॉर्म १६ आणि बँक स्टेटमेंट

फॉर्म १६ चे दोन भाग असतात. भाग ‘अ’मध्ये कंपनीचं नाव, टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक), तुमचा पॅन, नोकरीचा कालावधी आणि भरलेला कर. भाग ‘ब’मध्ये तुमचं घरकर्ज, आरोग्य विम्याचा हप्ता, आई-वडिलांच्या औषधोपचाराची वजावट, अपंगत्वाची वजावट असेल तर तीही. नोकरी खरी होती का, हे तपासायला भाग ‘अ’ पुरतो. तेवढाच द्या. ‘पूर्ण द्या’ म्हणाले तर कशासाठी ते विचारा. बहुतेक वेळा विचारल्यावर आग्रह थांबतो, कारण विचारणाऱ्यालाही कारण माहीत नसतं, यादीत आहे म्हणून मागितलेलं असतं. तसंच २६एएस आणि एआयएस (आयकर खात्याचं वार्षिक माहिती विवरण) यांची गल्लत करू नका. एआयएसमध्ये तुमचं बचत खात्यावरचं व्याज, शेअर्सची विक्री, म्युच्युअल फंडातली खरेदी, लाभांश, सगळं उघडं असतं. पडताळणीसाठी एआयएस देण्याचं कारण नाही.

बँक स्टेटमेंटची गंमत अशी की मागणाऱ्याला त्यातल्या मोजक्या ओळीच हव्या असतात, पगार जमा झाल्याच्या. बाकी तुम्ही कुठल्या डॉक्टरकडे गेलात, गावी किती पाठवले, कुठल्या संस्थेला देणगी दिली, हे सगळं त्यांना फुकट मिळतं. आधी लेखी विचारा की पगाराच्या स्लिप आणि फॉर्म १६ चा भाग ‘अ’ पुरेल का. नाहीच म्हणाले तर हव्या त्या महिन्यांपुरतंच स्टेटमेंट काढा आणि बाकीच्या ओळी झाका.

झाकण्याची रीत महत्त्वाची आहे. पीडीएफवर काळा चौकोन काढला तर खालची अक्षरं बऱ्याचदा तशीच शाबूत असतात. निवडून कॉपी केली की बाहेर येतात. उलट पीडीएफ संपादकात ओळी पुसून टाकल्या तर एजन्सीचं सॉफ्टवेअर फाइलमध्ये बदल झाल्याचं दाखवतं आणि तुमच्यावर बनावट कागदाचा संशय येतो. म्हणून प्रिंट काढा, नको त्या ओळींवर काळी पट्टी लावा आणि मग स्कॅन करा. खात्याचं नाव, कालावधी, बँकेचं नाव आणि पगाराच्या ओळी स्वच्छ दिसल्या पाहिजेत. सोबतच्या मेलमध्ये लिहा: ‘पगाराव्यतिरिक्तच्या नोंदी झाकल्या आहेत, मूळ प्रत गरज पडल्यास कॉलवर दाखवेन.’ पांढऱ्या शाईने कधीही झाकू नका. पांढरं केलेलं लपवल्यासारखं दिसतं.

आधार

ओळख पटवायला आधारच हवं असं नाही. पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना चालतात. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खासगी कंपन्यांना आधारची पडताळणी करू देणारा आधार कायद्याच्या कलम ५७ मधला भाग रद्द केला. त्यानंतर २०१९ च्या दुरुस्तीने स्वेच्छेने, ऑफलाइन पडताळणीला वाट ठेवली. तुम्ही स्वतःहून द्यायचं ठरवलंत तर मास्क्ड आधार द्या, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसतात. मायआधारच्या संकेतस्थळावर डाउनलोड करतानाच तो पर्याय येतो. त्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष, तेव्हा ते कुलूप सुरक्षेसाठी फार काही कामाचं नाही. प्रत देताना तिच्यावर ‘अमुक कंपनीच्या पडताळणीसाठी’ आणि तारीख आडवी लिहा. बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. महिनाभराने त्याच संकेतस्थळावर प्रमाणीकरणाचा इतिहास पाहा. मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे वापरलं गेलं ते तिथे दिसतं. जॉइन झाल्यावर पीएफसाठी पूर्ण आधार लागतं, पण ते कंपनीच्या एचआरला, जॉइनिंगच्या दिवशी. एजन्सीच्या लिंकवर आधीच टाकायची गरज नाही.

सध्याच्या कंपनीला कळू नये म्हणून

फॉर्ममध्ये सध्याच्या नोकरीसमोर ‘आता संपर्क करता येईल का’ असा पर्याय असतो. तो ‘नाही’ करा आणि ‘शेवटच्या दिवसानंतर’ अशी तारीख टाका. पर्यायच नसेल तर फॉर्म अर्धवट ठेवून एजन्सी आणि नव्या कंपनीचा एचआर या दोघांना एकाच मेलमध्ये कळवा. फक्त एचआरला कळवून भागत नाही. फॉर्म एजन्सीतल्या वेगळ्याच माणसाच्या रांगेत पडतो आणि तो यादीतल्या पहिल्या ईमेलवर चौकशी पाठवून मोकळा होतो. आणखी एक: सध्याच्या मॅनेजरचं नाव ‘संदर्भ’ म्हणून देऊ नका. आधीच्या कंपनीतल्या दोन माणसांना विचारून त्यांचे नंबर द्या. त्यांचा नंबर ही त्यांची खासगी माहिती आहे, विचारल्याशिवाय देणं बरोबर नाही, आणि अचानक फोन आला की माणूस ‘कोण बरं हा?’ म्हणून बसतो.

नोकरीच्या पोर्टलवर सध्याच्या कंपनीपासून प्रोफाइल लपवण्याची सोय असते. नौकरी डॉट कॉमवर कंपनी ब्लॉक करता येते. समूहातल्या इतर कंपन्यांची नावंही ब्लॉक करा. आणि जुनी प्रोफाइलं उघडून तारखा पाहा. लिंक्डइनवर मे २०१९ आणि फॉर्ममध्ये जुलै २०१९, अशा फरकावरून निष्कारण मेलामेली होते.

कंपनी विकली गेली असेल, नाव बदललं असेल, तर फॉर्ममध्ये दोन्ही नावं लिहा. पटनी या आयटी कंपनीत २००९ साली लागलेल्या माणसाच्या कागदांवर पुढे आयगेट आणि मग कॅपजेमिनी अशी नावं येतात, सिंटेलवाल्यांना अॅटॉस, एलटीआय आणि माइंडट्री २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एक झाल्या. पडताळणी करणारी मुलगी चोवीस वर्षांची असते, तिला पटनी ठाऊक नसतं. कॉन्ट्रॅक्टवर असाल तर ज्याच्या पेरोलवर होता त्या कंपनीचं नाव आधी, ज्याच्या ऑफिसात बसत होता त्याचं ‘क्लायंट’ म्हणून नंतर. कंपनी बंद पडली असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरचं तिचं ‘स्ट्राइक ऑफ’ (नोंदणीतून नाव काढल्याचं) दाखवणारं पान, स्लिप आणि फॉर्म १६ एकत्र द्या.

नाव, जन्मतारीख, मार्कशीट

आपल्याकडची डोकेदुखी इथे आहे. विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि शेजारी आईचं नाव. पॅनवर नाव आधी. पासपोर्टवर वडिलांचं नाव दिलेल्या नावात मिसळलेलं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईच्या पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पीएफला कधी एक कधी दुसरं. यंत्राला ही तीन माणसं वाटतात. फॉर्ममध्ये ‘इतर नावं’ असा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका. कागदोपत्री आलेलं प्रत्येक रूप तिथे लिहा. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासन राजपत्रातली नोंद जोडा. जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरची असेल तीच सगळीकडे. गुरुजींनी १ जून लावून दिलेली असली आणि घरी वाढदिवस दिवाळीत होत असला, तरी फॉर्मवर १ जूनच.

उत्तीर्ण झाल्याचं वर्ष म्हणजे शेवटच्या यशस्वी परीक्षेचं वर्ष. पदवीदान पुढच्या वर्षी झालं म्हणून ते वर्ष लिहू नका. एटीकेटी राहून विषय सहा महिन्यांनी सुटला असेल तर तो महिना खरा. इयर डाऊन लपवायला ‘२०१२ ते २०१६’ लिहिलं आणि शेवटची मार्कशीट २०१७ ची निघाली, तर नापास होणं हा प्रश्नच नव्हता, पण आता चुकीची माहिती हा प्रश्न झाला. पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) आणि सीट नंबर अचूक टाका; पडताळणी रखडते ती बहुतेक त्यातल्या एका आकड्यामुळे. डिजिलॉकरमध्ये पदवी आलेली असेल तर तिथूनच द्या, विद्यापीठाच्या खिडकीवरचे आठवडे वाचतात. ‘गॅप’साठी नोटरीचं प्रतिज्ञापत्र ही कॉलेज प्रवेशाची सवय आहे, नोकरीसाठी सहीचा साधा खुलासा बहुतेक ठिकाणी चालतो.

पत्त्याची तपासणी हल्ली लिंकवरून होते: फोनचं लोकेशन चालू करून दाराचा, पाटीचा फोटो. कामापुरतीच परवानगी द्या आणि नंतर काढून घ्या. पीजीत किंवा मित्रांसोबत राहत असाल तर करारात तुमचं नाव आहे का ते आधी पाहा. प्रत्यक्ष माणूस येणार असेल तर घरमालकाला सांगून ठेवा, नाहीतर ‘असं कोणी राहत नाही’ असं उत्तर मिळतं.

कोर्ट, पोलीस, क्रेडिट, लघवीची चाचणी

ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने कोणालाही शोधता येतं आणि एजन्सी तेच करते. पाटील, शिंदे, जाधव अशा आडनावांना नावासकट जुळणारे दहा खटले निघतात. अहवालात असं काही आलं तर घाबरू नका. वडिलांचं नाव, पत्ता आणि वय त्या खटल्यातल्या व्यक्तीशी जुळत नाही हे लेखी दाखवा आणि शेरा काढून घ्या. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागितलं तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो.

तुमच्यावर खरंच काही असेल, तर प्रश्नाचे शब्द वाचा. ‘शिक्षा झाली आहे का’, ‘खटला प्रलंबित आहे का’, ‘कधी अटक झाली आहे का’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत. फक्त पहिला विचारला असेल आणि तुम्ही निर्दोष सुटला असाल, तर ‘नाही’ हे खरं उत्तर आहे. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली हेच मांडलं: माहिती खरी असली पाहिजे, पण दडवल्याचा ठपका ठेवायचा तर फॉर्ममधला प्रश्नही नेमका असला पाहिजे. ते प्रकरण सरकारी नोकरीतलं होतं, खासगी कंपनीला ते जसंच्या तसं लागू होत नाही. तरी उत्तर देताना धरून चालावं असं आहे. मोघम प्रश्न असेल तर एचआरला लेखी विचारा की नेमकं काय अपेक्षित आहे.

क्रेडिट अहवाल बँका, वित्त कंपन्या आणि पैसे हाताळणाऱ्या जागांसाठी मागतात. सॉफ्टवेअर चाचणी करणाऱ्याकडून मागितला तर कारण विचारा. चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. आधी स्वतः वाचा, न घेतलेलं कर्ज नावावर निघालं तर दुरुस्त करून घ्या. अमली पदार्थांसाठीच्या लघवीच्या चाचणीआधी चालू असलेल्या गोळ्या आणि खोकल्याचं औषध यांची यादी चिठ्ठीसकट लिहून द्या. कोडीनच्या खोकल्याच्या औषधाने अफूजन्य पदार्थांची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. एचआयव्ही चाचणी नोकरीची अट म्हणून लावता येत नाही, २०१७ च्या कायद्याने त्यावर बंदी आहे.

संमतीपत्र आणि कायदा

लिंकमध्ये पहिल्याच पानावर टिक करायला लावतात ते संमतीपत्र साठवून ठेवा. त्यात चार गोष्टी शोधा: कोणत्या तपासण्या, माहिती कोणाकोणाला जाणार, किती काळ ठेवणार, तक्रार कोणाकडे. ‘आणि इतर कोणतीही माहिती’ असं वाक्य असेल तर उत्तराच्या मेलमध्ये लिहा की तुमची संमती नमूद केलेल्या तपासण्यांपुरतीच आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. त्यात संमतीची सूचना मराठीतही मागता येते, संमती मागे घेता येते, माहितीची दुरुस्ती आणि ती पुसण्याची मागणी करता येते. ‘नोकरीच्या कारणासाठी’ संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा कलम ७ मध्ये आहे, पण तुम्ही अजून उमेदवार आहात, कर्मचारी नाही. त्या मुभेवर एजन्सीने विसंबणं अवघडच. तोवर २०११ चे नियम आहेतच. त्यांत माहिती न देण्याचा पर्याय आहे, लेखी संमती मागे घेण्याची सोय आहे, आणि तक्रार अधिकाऱ्याने महिन्याभरात निवारण करायचं आहे. माहिती नाकारली तर कंपनी ऑफर रोखू शकते, हेही खरं. म्हणून नुसता नकार देऊ नका, नकारासोबत पर्यायी पुरावा द्या.

अहवाल हिरवा, पिवळा आणि लाल अशा रंगांत येतो. पिवळ्याचा अर्थ बहुतेकदा कागद अपुरा किंवा पडताळता आला नाही एवढाच असतो. जुनी कंपनी उत्तर देत नसली तरी पिवळाच लागतो. असा निरोप आला की त्या दिवशीच उत्तर द्या, कारण दोन-तीन दिवसांनी केस ‘अनेबल टू व्हेरिफाय’ म्हणून बंद होते आणि पुन्हा उघडायला नव्याने मिनतवाऱ्या. लाल लागला तर अहवालातला तो भाग लेखी मागा: कोणती बाब, कोणाकडून, कोणत्या तारखेला मिळाली. चूक जुन्या कंपनीच्या एचआरची असेल तर दुरुस्तीचा मेल त्यांच्या अधिकृत ईमेलवरून थेट एजन्सीला जायला हवा, तुम्ही पुढे पाठवलेला धरत नाहीत.

हे सगळं खऱ्या ऑफरपुरतं. आधी ऑफरच खरी आहे का ते पाहा: मेलचा डोमेन कंपनीचा आहे का, लिंक पाठवणाऱ्या एजन्सीचं नाव एचआरला कंपनीच्या लँडलाइनवर विचारून जुळतं का. पडताळणीचा खर्च कंपनी करते. ‘पडताळणी शुल्क’, ‘परत मिळणारी अनामत’, ‘लॅपटॉपसाठी डिपॉझिट’ हे शब्द आले की कागद पाठवणं तिथेच थांबवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. नुसते कागद गेले असतील तरी तक्रार करा, आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि पुढचे काही महिने क्रेडिट अहवालात नवं कर्ज दिसतंय का, ते पाहत राहा.